‘बायोडिग्रेडेबल’ पिशवी पाण्यात गेली तर? शेवाळावरच्या प्रयोगांनी काय दाखवलं, आणि आपला नियम कुठे कमी पडतो

भाजीवाल्याकडून किंवा ऑनलाइन ऑर्डरमधून एक मऊ, फिकट रंगाची पिशवी हातात येते. तिच्यावर हिरवं पान असतं आणि खाली ‘१००% कंपोस्टेबल’ असं लिहिलेलं असतं. ते वाचून आपल्याला बरं वाटतं. पिशवी नाल्यात गेली तरी विरघळून जाईल, मग काळजी कशाला?

पण प्लॅस्टिक एका रात्रीत गायब होत नाही. आधी त्याचे तुकडे होतात, मग तुकड्यांचे तुकडे. सगळ्यात शेवटी सूक्ष्मजीव ते खाऊन कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उरवतात. लेबल आपल्याला फक्त शेवट सांगतं. अडचण मधल्या टप्प्यात आहे.

आधी नावांचा घोळ सोडवू

‘बायोडिग्रेडेबल’ हे एकच प्लॅस्टिक नाही. पीएलए हे मका किंवा उसासारख्या पिकांच्या साखरेपासून बनतं. थ्रीडी प्रिंटर वापरणाऱ्यांना ते चांगलं माहीत आहे. पीएचबी हे काही जिवाणू स्वतःच्या पेशीत चरबीसारखं साठवून ठेवतात. पीसीएल मात्र पेट्रोलियमपासून बनतं. ते ६० अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून लहान मुलांच्या थ्रीडी पेनमध्ये वापरतात. बाजारातल्या कंपोस्टेबल पिशव्यांमध्ये बहुतेक वेळा पीबीएटी या पेट्रोलियमपासून बनलेल्या प्लॅस्टिकमध्ये पीएलए किंवा स्टार्च मिसळलेलं असतं.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. त्यांच्या लांब साखळ्या ‘एस्टर’ नावाच्या बंधांनी जोडलेल्या असतात, आणि पाणी हे बंध हळूहळू तोडू शकतं. म्हणूनच ही प्लॅस्टिक कुजतात. पण म्हणूनच त्यांच्यापासून बारीक कणही सुटतात.

माद्रिदच्या प्रयोगात काय झालं?

स्पेनमधल्या माद्रिद परिसरातल्या विद्यापीठांतील संशोधकांनी २०१९ मध्ये पीएचबीवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी पीएचबीचे सूक्ष्म कण झिजू दिले आणि त्यातून सुटलेले आणखी बारीक कण वेगळे केले. त्यांचा आकार होता ७५ ते २०० नॅनोमीटर. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन, म्हणजे ७०,००० नॅनोमीटर जाड असतो. त्यावरून अंदाज करा.

हे कण गोड्या पाण्यातल्या तीन जीवांना दिले: ॲनाबीना हे नील-हरित शैवाल, क्लॅमिडोमोनस हे हिरवं शैवाल आणि डॅफ्निया हा पिसवेएवढा जलचर. तिघांचीही वाढ लक्षणीय मंदावली आणि शरीरक्रिया बिघडल्या.

मग पुढचा प्रश्न आला. दोष कणांचा, की प्लॅस्टिकमधून पाण्यात उतरलेल्या एखाद्या रसायनाचा? संशोधकांनी तेच पाणी अतिबारीक गाळणीतून गाळलं आणि नॅनोकण काढून टाकले. उरलेलं पाणी विषारी ठरलं नाही. म्हणजे त्रास कणांचाच होता.

२०२२ च्या दुसऱ्या अभ्यासात पीसीएलचे मणी १३२ दिवस पाण्यात झिजू दिले. प्रत्येक ग्रॅम प्लॅस्टिकमागे साधारण ६ मिलिग्रॅमपर्यंत बारीक अवशेष सुटले. त्यात नॅनोकण होते आणि ‘ऑलिगोमर’, म्हणजे साखळीचे छोटे तुकडेही होते. इथे दोन्ही घटक त्रासदायक निघाले, पण नॅनोकण जास्त. दोन प्रकारच्या नील-हरित शैवालांच्या पेशींत घातक ऑक्सिजन-रेणू वाढले आणि पेशीच्या आतला सामू बदलला. शिवाय ॲनाबीनाची हवेतला नायट्रोजन पकडण्याची क्रिया मंदावली.

शेवाळ मेलं तर आपलं काय बिघडतं?

शेवाळ म्हटलं की आपल्याला आठवते ती पाण्याच्या टाकीतली निसरडी हिरवी घाण. पण नदी-तळ्यातला स्वयंपाकी तोच आहे. तो सूर्यप्रकाशावर अन्न बनवतो, ते डॅफ्नियासारखे जीव खातात, त्यांना लहान मासे खातात आणि माशांना आपण. खालचा थर हलला की वरचं सगळं हलतं.

नायट्रोजनची गोष्ट तर थेट शेतात जाते. भातखाचरात नील-हरित शैवाल हे जैविक खत म्हणून वापरतात, कारण ते हवेतला नायट्रोजन पिकाला मिळवून देतं. प्रयोगातलं ॲनाबीना हे प्रयोगशाळेतलं वाण आहे, त्यामुळे ‘कोकणातलं भात धोक्यात’ असा मथळा काढणं चूक ठरेल. पण जी क्रिया मंदावली, तीच क्रिया खाचरात खत म्हणून कामाला येते, एवढं लक्षात ठेवायला हवं.

सर्टिफिकेट नेमकं कशाचं?

भारतात कंपोस्टेबल पिशवीला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं आणि त्यासाठीची चाचणी आयएसओ १७०८८ या मानकानुसार होते. ही चाचणी औद्योगिक कंपोस्टिंगची आहे, म्हणजे साधारण ५८ अंश तापमान. १८० दिवसांत ९० टक्के कार्बनचं कार्बन डायऑक्साइड व्हायला हवं. १२ आठवड्यांनंतर २ मिलिमीटरच्या चाळणीवर १० टक्क्यांहून जास्त माल उरता कामा नये. तयार झालेल्या खतात बी नीट रुजतं का, हेही पाहतात.

चाचणी चुकीची नाही. ती खताच्या ढिगासाठी आहे, एवढंच. नदीचं पाणी ५८ अंश नसतं, आणि बी रुजलं म्हणजे शेवाळ सुरक्षित आहे असं होत नाही.

आता नियम पाहू. मार्च २०२४ मध्ये केंद्राने प्लॅस्टिक कचरा नियमांत दुरुस्ती केली. त्यानुसार ‘बायोडिग्रेडेबल’ म्हणवून घेणाऱ्या प्लॅस्टिकने मायक्रोप्लॅस्टिक मागे ठेवता कामा नये. माती, गोडं पाणी, समुद्र अशा ठिकाणांचा उल्लेखही त्यात आहे. पाऊल चांगलंच आहे. पण त्याच नियमांत मायक्रोप्लॅस्टिकची व्याख्या आहे १ ते १,००० मायक्रॉन आकाराचे कण. माद्रिदच्या प्रयोगातले कण होते ०.०७५ ते ०.२ मायक्रॉनचे. म्हणजे ज्यांनी शेवाळाची वाढ रोखली, ते कण या मोजपट्टीच्या खालून निसटतात. नियमात ‘विषारी अवशेष’ नको असंही म्हटलं आहे. पण १ मायक्रॉनखालचे कण मोजायचेच नसतील आणि त्यांची शेवाळावर चाचणी करायचीच नसेल, तर ते विषारी आहेत हे कळणार कसं?

मग जुनी पिशवीच बरी का?

अजिबात नाही. साध्या पॉलिथिनपासूनही नॅनोकण सुटतात आणि ते कुजतही नाहीत. पीएचबी किंवा पीसीएलचे कण सूक्ष्मजीव केव्हातरी संपवू शकतात. हे प्रयोग प्रयोगशाळेतल्या काचपात्रात झाले आहेत, वाहत्या नदीत नाही. ते पीएचबी आणि पीसीएलवरचे आहेत, तुमच्या हातातल्या पिशवीच्या मिश्रणावरचे नाहीत. पण ‘कुजतं म्हणजे निरुपद्रवी’ हे गृहीतक या प्रयोगांनी मोडलं आहे. एवढं झाल्यावर नियमात गोड्या पाण्यातल्या शेवाळावरची चाचणी आणि १ मायक्रॉनखालच्या कणांची मोजणी असावी, अशी मागणी करायला हरकत नाही. शेवाळावरची ७२ तासांची प्रमाणित चाचणी जगभर रसायनांसाठी वापरली जातेच. नवीन काही शोधायचं नाही.

तुम्ही काय करू शकता?

पिशवी हातात आली की फोन काढा. १ जुलै २०२५ पासून प्लॅस्टिक पॅकिंगवरची सक्तीची माहिती क्यूआर कोड किंवा बारकोडमधूनही देता येते. उत्पादकाचं नाव आणि प्रमाणपत्राचा क्रमांक शोधा. नुसतं हिरवं पान म्हणजे प्रमाणपत्र नव्हे.

कंपोस्टेबल पिशवी ओल्या कचऱ्यात टाका, आणि तुमच्या सोसायटीचा ओला कचरा खरंच कंपोस्ट प्लांटला जातो का, ते एकदा विचारा. गणपती विसर्जनाला निर्माल्य अशा पिशवीत भरून नेलंत, तर पिशवी कलशातच टाका. ‘विरघळतेच की’ म्हणून पाण्यात सोडू नका.

आणि भाजीला जाताना कापडी पिशवी खिशात असू द्या. तिच्यावरचं लेबल वाचावं लागत नाही.