ओल आलेली भिंत

श्रावण सरत आला की जुन्या चाळीत छताचे पोपडे सुटून गादीवर पडतात, भिंतीला हात लावला तर बोटं ओली होतात. मालक म्हणतो, बघू दिवाळीनंतर. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 मात्र दुरुस्तीची जबाबदारी मालकावरच टाकतो. किमान 15 दिवसांची नोटीस देऊनही तो ढिम्म राहिला, तर भाडेकरूने दुरुस्ती करावी, खर्च भाड्यातून वळता करावा. वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्शापर्यंत. (लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांनी आधी आपला करार नीट वाचावा, तो नोंदवून घेणं मालकाचं काम आहे.)

वकील परवडत नाही म्हणून सोसत राहणाऱ्या बायका पाहिल्या की जीव तुटतो. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. सोबत भाडेपावत्या आणि त्या भिंतीचे तारखेसह फोटो न्या.