पद्मिनी गेली, पाना कुणाच्या हाती?

मुंबईच्या रस्त्यांवरून ‘प्रीमियर पद्मिनी’ टॅक्सी 30 ऑक्टोबर 2023 रोजी निवृत्त झाली. शेवटच्या टॅक्सीची नोंदणी 2003 सालची. टॅक्सीला नेमून दिलेली वीस वर्षे भरली, एवढाच त्याचा अर्थ. त्या वेळी जे गहिवर काढले गेले ते शहरी होते. कसाऱ्याच्या अलीकडे असलेल्या उंबरमाळीसारख्या गावाने मात्र या गाडीचा हिशेब निराळ्या वहीत मांडावयास हवा.

वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी ही मोटार मूळची इटलीची फियाट. 1964 मधला तिचा सांगाडा पुढे तीन तपे जवळजवळ तसाच राहिला. ग्राहकाला पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, तेव्हा सुधारणा करण्याची निकड कारखान्याला वाटावी तरी कशी? तिला ‘जुने ते सोने’ म्हणणे हा भाबडेपणा झाला. आजच्या मोटारीत चाके न अडकू देणारी ब्रेकयंत्रणा 2019 पासून सक्तीची आहे, पुढच्या दोन्ही आसनांपुढे हवेच्या पिशव्या आहेत, धूर कितीतरी कमी आहे. 5 जून 2025 रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. ताशी 120 किलोमीटरच्या त्या रस्त्यावर पद्मिनी केवळ अडचण ठरली असती.

परंतु एक गोष्ट तिच्यापाशी होती. कसारा घाटात ती तापे, आणि तापली की चालक बॉनेट उघडून पेट्रोलपंपावर ओले फडके ठेवी, रेडिएटरमध्ये पाणी ओती, पॉइंट पॉलिशपेपरने घासी आणि मार्गस्थ होई. रस्त्याकडेच्या फिटरला जे डोळ्यांना दिसे ते हाताला कळे. आज इंधन किती व केव्हा सोडावे हे संगणक ठरवितो; त्याची कुरकूर वाचण्यास यंत्र लागते, आणि त्या यंत्राची किल्ली बहुधा कंपनीच्या अधिकृत केंद्राकडेच. खर्डी-शहापूरच्या गॅरेजवाल्याचे ज्ञान कमी पडले, असे म्हणणे अन्यायाचे आहे. ज्ञान त्याच्यापासून दूर ठेवले गेले आहे.

हे आमचेच गाऱ्हाणे नव्हे. सुटे भाग व तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजांना नाकारल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने 2014 मध्ये चौदा मोटार कंपन्यांना दंड ठोठावला होता. प्रकरण अपिलांत गेले. 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, संकेतस्थळही उघडले. संकेतस्थळावरून फिटर तयार होत नाहीत. दोषशोधक यंत्रे व कंपन्यांच्या दुरुस्ती-पुस्तिका तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांना पुरविण्याची अट सरकारने कंपन्यांवर घालावी, आणि त्या मराठीतून शिकविल्या जाव्यात. मोटार यांत्रिकी शिकणाऱ्या शहापूर-मुरबाडच्या मुलाला आज हे मिळाले नाही, तर घाटात थांबलेली गाडी ओढून नाशिकला नेणाऱ्या ट्रकवर तो फार तर मदतनीस होईल.