स्क्रू सर्वांत शेवटी

जुन्या मारुती व्हॅनचे एंजिन उभ्या जागी थरथरू लागले, की हात प्रथम कार्ब्युरेटरच्या स्क्रूकडे जातो. वाचकहो, तो हात आवरावा, असे आम्ही सुचवितो. १९८४ साली बाजारात आलेल्या या गाडीचे ७९६ घनसेंटिमीटरचे, तीन सिलिंडरांचे एंजिन पुढल्या बैठकीखालीच आहे. घरी काम करणे अवघड नाही. परंतु आधी हवेचा फिल्टर, प्लग, ठिणगीची वेळ व चिरलेल्या रबरी नळ्या तपासाव्या. दुसऱ्याचा दोष कार्ब्युरेटरच्या माथी मारल्यास एकाचे दोन दोष होतात.

मग एंजिन पुरते तापवून, चोकची खुंटी आत सारून, मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव फेऱ्याने फिरवावा. किती फिरविला हे लिहून ठेवावे, म्हणजे मूळ जागी परतता येते. चाल सर्वांत सम झाली की थांबावे. पुढे प्लगवर कोरडी काजळी धरली, तर पेट्रोल अधिक जात आहे असे समजावे.

हे सारे उघड्या अंगणातच करावे. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत तो गुंगी आणून प्राण घेतो. थोडे पेट्रोल वाचविण्यासाठी घरचे माणूस गमावू नये.