चार निर्धाव षटकांनंतरचे प्रश्न

८ नोव्हेंबर २०२१ रोजी सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत विदर्भाच्या अक्षय कर्णेवारने मणिपूरविरुद्ध चार षटकं टाकली. चारही निर्धाव, वर दोन बळी. पुरुषांच्या टी-२० क्रिकेटमध्ये वाट्याची चारही षटकं टाकून एकही धाव न देणारा तो पहिलाच गोलंदाज.

अक्षय यवतमाळ जिल्ह्यातला. अशी बातमी वाहिनीवर कशी लागते ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. एजन्सीची कॉपी, एक ग्राफिक, खेळाडूचा जुना फोटो, अर्ध्या मिनिटाचं निवेदन, की रनडाऊन पुढे सरकलं. जिल्ह्याच्या बातमीदाराला डेस्कवरून फोन गेलाच, तर 'घरच्यांचा पेढे भरवतानाचा बाइट पाठव' एवढ्याचसाठी.

क्रीडा बातमीदाराचं काम खरं तर तिथून पुढे सुरू होतं. हा खेळाडू दोन्ही हातांनी फिरकी टाकतो. सप्टेंबर २०१७ मध्ये चेन्नईच्या सराव सामन्यात त्याने ऑस्ट्रेलियाच्या फलंदाजांनाही दोन्ही हातांनी चेंडू टाकले होते. समोर उजवा फलंदाज असेल तर डाव्या हाताने, डावा असेल तर उजव्या हाताने, म्हणजे चेंडू फलंदाजापासून बाहेरच वळणार. पण हात बदलायचा तर आधी पंचांना सांगावं लागतं आणि पंच ते फलंदाजाला सांगतात. त्या काही सेकंदांत फलंदाज पुन्हा गार्ड घेतो, क्षेत्ररक्षक इकडचे तिकडे होतात. खेळ तिथे आहे, आणि हायलाइट्समध्ये नेमका तोच तुकडा कापला जातो. सामन्याचं फुटेज हक्क असलेल्या वाहिनीचं, हे मान्य. पण नेट्समध्ये कॅमेरा लावून हेच त्याच्याकडून दोनदा करून घ्यायला कुणाचे हक्क आडवे येत नाहीत. त्यासाठी बातमीदाराला खेळ कळावा लागतो आणि खेळाडू नाव कमावण्याआधीपासून ओळखीचा असावा लागतो.

ही ओळख यवतमाळच्या पोस्टल ग्राउंडवर होते, नेहरू स्टेडियमवर होते. मुंबईच्या स्टुडिओत बसून ती होत नाही.

२०१७ च्याच पावसाळ्याअखेर कीटकनाशकाच्या फवारणीने विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात शेतकरी-शेतमजूर दगावले, आणि ओबी व्हॅन इथे येऊन उभ्या राहिल्या. पुढच्या वर्षी माणसांवर हल्ले करणाऱ्या अवनी वाघिणीसाठी पांढरकवडा-राळेगावच्या रस्त्यांवर पुन्हा कॅमेरे आले. ते यायलाच हवे होते, याबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. पण जिल्ह्याचा माणूस पडद्यावर फक्त मरताना नाहीतर रडताना दिसतो, हे आम्हाला बोचतं. तो जिंकतानाही दिसला पाहिजे, आणि ते दाखवणारा माणूस पेशाने क्रीडा बातमीदार असला पाहिजे.

क्रीडा पत्रकार वि. वि. करमरकरांनी 'महाराष्ट्र टाइम्स'मध्ये खेळाला हक्काचं पान मिळवलं आणि त्यावर क्रिकेटच्या जोडीने कबड्डी-खोखोलाही मानाने बसवलं. २००७-०८ च्या सुमारास मराठीत वृत्तवाहिन्या उभ्या राहिल्या तेव्हा हा वारसा आयता हाती होता. आपण त्यातलं क्रिकेट उचललं, बाकीचं बव्हंशी सोडलं.

शंकरपटाचंच, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींचंच घ्या. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. तिन्ही वेळा आपण गुलाल आणि घोषणा दाखवल्या. पटावर निकाल सेकंदाच्या अंशावर लागतो. तो वेळ कोण आणि कसा मोजतं, जोडी हाकणारा धुरकरी बैल कसे निवडतो, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीतल्या अटी मैदानावर पाळल्या जातात का, बैलांची तपासणी खरोखर होते का? या प्रश्नांची उत्तरं घेऊन आलेलं पॅकेज विरळाच. जनावराला त्रास होत असेल तर तेही क्रीडा बातमीदारानेच सांगायला हवं, कारण पटाच्या कडेला उभा असतो तो तोच.

अडचण पैशाची आहे, हे आम्ही जाणतो. जिल्ह्यातला स्ट्रिंगर बातमीमागे मानधन घेतो. गुन्हा, अपघात, आंदोलन लागतं. शालेय कबड्डीची बातमी पडून राहते. गाडीचं पेट्रोल त्याचं, कॅमेरा त्याचा, आणि दिवसभर उन्हात उभं राहून केलेलं काम डेस्कवर 'नंतर बघू'मध्ये जातं. दोन-चार वेळा असं झालं की तो मैदानाचा रस्ताच सोडतो. त्याला आम्ही दोष देणार नाही.

म्हणून वाहिन्यांच्या संपादकांपुढे आमची मागणी अगदी नेमकी आहे. जिल्हा बातमीदाराच्या मानधनात खेळासाठी वेगळी, ठरावीक रक्कम ठेवा, मग बातमी लागो अथवा न लागो. आणि वर्षातून एकदा त्याला विदर्भ संघाच्या सामन्याला नागपूरला, जामठ्याच्या मैदानावर पाठवा, बाइटसाठी नव्हे, पूर्ण दिवसाचा खेळ पाहायला. ब्युरो प्रमुखांनी हा विषय बजेटच्या बैठकीत मांडावा. नकार आला तर तो कोणत्या कारणाने आला ते आम्हाला लिहून कळवावं. ती कारणं आम्ही याच पानावर छापू.