आटपाट नगरातील पक्ष

लोकशाहीचे शिक्षण वर्गात कसे द्यावे, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. १९६२ साली मुंबई येथे भरलेल्या अखिल भारतीय प्रतोद परिषदेने शिक्षणसंस्थांतील अभिरूप संसदेला उत्तेजन द्यावे, अशी शिफारस केली. त्यानंतर १९६६ मध्ये दिल्लीच्या शाळांत युवा संसद सुरू झाली आणि पुढे ती केंद्रीय विद्यालयांतही गेली. महाराष्ट्रातील अनेक शाळांत तर शालेय मंत्रिमंडळ निवडले जाते. हे उपक्रम स्तुत्य आहेत. तथापि त्यांत एक उणीव राहते. तेथे सभापती असतो, प्रश्नोत्तरांचा तास असतो, पक्ष मात्र नावापुरता असतो. कोणी काय बोलावे, हे बहुधा आधीच लिहून दिलेले असते. नाटक उत्तम वठते, पण राजकारण घडत नाही.

वस्तुतः सभागृहात काय होणार, हे पुष्कळदा पक्षाच्या बैठकीत ठरते. उमेदवारी कोणाला द्यावी, वर्गणीचा हिशेब कोणी ठेवावा, रुसलेल्या सहकाऱ्याची समजूत कशी घालावी, या गोष्टी भाषणाने शिकता येत नाहीत. म्हणून विद्यार्थ्यांना काल्पनिक देशात पक्ष चालवण्याचा खेळ खेळू द्यावा, असे माझे मत आहे. देश काल्पनिकच हवा. खऱ्या पक्षांची नावे आली, की घरच्या निष्ठा आणि गल्लीतील भांडणेही वर्गात येऊन बसतात. आपल्या कहाण्यांतील आटपाट नगर याला सोयीचे आहे. तेथील राजाने राज्य प्रजेच्या हाती सोपवले, असे समजावे. सभागृहाच्या जागा ४१, बहुमतासाठी २१, पक्ष चार आणि प्रत्येकाच्या तिजोरीत सारखीच रक्कम. दोन वर्षे पाऊस नाही. धरणातील उरलेले पाणी शेतीला द्यावे, की कारखान्याला? पक्षातील शेतकरी एक म्हणतील, कामगार दुसरे. आणि जाहीरनामा तर एकच छापायचा आहे!

पक्ष वाढतो म्हणजे काय होते, याचा विचार करताना मला तंजावर प्रांतातील एक उत्सव आठवतो. १६७६ ते १८५५ या काळात मराठ्यांची सत्ता असलेल्या या प्रदेशात, कुंभकोणमजवळ, नाचियार्कोविल् हे गाव आहे. तेथील दगडी गरुडाची मिरवणूक प्रसिद्ध आहे. आरंभी चौघे जण तो उचलतात. मग आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट असे खांदे वाढत जातात आणि रस्त्यावर येईपर्यंत १२८ जण लागतात. हंसावर बसलेली देवी पुढे राहावी म्हणून गरुड जड होत जातो, अशी तेथील श्रद्धा आहे. चार मित्रांचा पक्षही असाच हलका असतो. तो बाहेर पडला, की खांदे वाढवावे लागतात आणि प्रत्येक खांद्याला स्वतःचे मत असते.

खेळाचे नियम आपल्या कायद्यांतून घ्यावेत. पक्षाची नोंदणी करायची तर निवडणूक आयोगाला किमान १०० सदस्य दाखवावे लागतात. वर्गात ही संख्या दहा ठेवता येईल. १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा तर अवश्य असावा. शिक्षकाने आयोगाचे काम करावे. सल्लागाराचे मुळीच नको. गुण देताना वक्त्यापेक्षा खजिनदाराकडे अधिक लक्ष द्यावे, कारण बोलक्या मुलांचे कौतुक शाळेत एरवीही होतच असते.

शाळेत राजकारण नको, असा आक्षेप यावर घेतला जाईल. पण मुक्त विद्यालयाचे कित्येक विद्यार्थी अठरा वर्षे पूर्ण केलेले, म्हणजे प्रत्यक्ष मतदार आहेत. त्यांच्या दारी खरे पक्ष येतातच. आलेल्या कार्यकर्त्याला, ‘तुमचा उमेदवार कोणी निवडला? सभासदांनी की एकट्या नेत्याने?’ असे विचारणारे त्यांत किती असतात? आटपाट नगरात ज्याने स्वतः उमेदवारी मागितली आणि जो मतदानात हरूनही पक्षातच राहिला, त्याच्या ओठांवर हा प्रश्न सहज येईल.