सहलीच्या गाडीत आजीची जागा

मे महिन्याची सुट्टी लागली की वस्तीत सहलीची वर्गणी सुरू होते. कधी कात्रजचं प्राणिसंग्रहालय, कधी खोपोलीजवळचं इमॅजिका, कधी देहूरोडचं विहार. गाडी ठरते, माणशी पैसे ठरतात, पोरं आदल्या रात्री झोपत नाहीत. मग कुणीतरी म्हणतं, "आजीला कुठं नेता? तिला चालवत नाही. ती राहील घर राखायला." आजीही लगेच मान डोलावते. "मला काय करायचंय बघून? तुम्ही जा."

आम्ही बरीच वर्षं वॉर्डात परिचारिका म्हणून काम केलं, आता वस्त्यांमध्ये आरोग्याचं काम करतो. त्या "तुम्ही जा"मागं काय असतं ते आम्हाला ठाऊक आहे. आजीला जायचं असतं. तिला भीती असते ती सगळ्यांना ओझं होण्याची.

आमच्या ओळखीच्या एका घरात नातवानं हे ऐकलं नाही. अर्धांगवायूतून सावरलेल्या आजीला त्यानं हट्टानं मनोरंजन उद्यानात नेलं. दाराशी व्हीलचेअर मिळाली, पण आजी बसेना. "मी काय लुळी झाले? लोक काय म्हणतील?" शेवटी नातू आधी स्वतः बसला, एक चक्कर मारली, मग आजी बसली. ती एकाही पाळण्यात चढली नाही. सावलीत बसून पोरांचा दंगा बघितला, भेळ खाल्ली. पण पुढं महिनाभर तिच्या तोंडी तीच सहल होती. हे काम कुठल्याही गोळीनं झालं नसतं.

अमेरिकेत डिस्नेच्या उद्यानांत बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या स्कूटर भाड्यानं मिळतात. आपल्याकडं गाडीला मागं दोन जादा चाकं लावतात, ती ही नव्हे. ही एक चालती खुर्चीच असते. घरात, दारात चालता येतं, पण दिवसभर चालवत नाही, अशी माणसंही ती घेतात. आपण मात्र समजतो की पाय पूर्ण गेल्याशिवाय खुर्चीत बसायचं नाही. गुडघे झिजलेले, चार पावलांत दम लागणारे, हृदयाचा आजार असलेले, मधुमेहानं पाय बधिर झालेले, या सगळ्यांना खुर्ची लागू शकते. नजर कमी झाली म्हणून चष्मा लावायला आपण लाजत नाही. मग खुर्चीची लाज कशाची?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेब धम्मदीक्षेसाठी आले, तेव्हा मधुमेह आणि पायांच्या दुखण्यानं त्यांचं शरीर थकलेलं होतं. हातात काठी होती आणि सहकाऱ्याच्या खांद्याचा आधार होता. त्या आधारामुळं ते आपल्याला कमी वाटले का? आधार घेऊन ते तिथं पोहोचले, म्हणून इतिहास घडला.

आता कामाच्या गोष्टी. सहलीआधी त्या ठिकाणी फोन करून विचारा: व्हीलचेअर आहे का, अनामत किती, खुर्ची जाईल असं शौचालय आहे का. बायका शौचालयाच्या भीतीनं सकाळपासून पाणी पीत नाहीत आणि उन्हात चक्कर येऊन पडतात. पाणी तोडू नका. मधुमेह असेल तर जेवणाची वेळ चुकवू नका, आणि संध्याकाळी तळपाय, टाचा उजेडात तपासा. बधिर पायाला फोड आलेला कळत नाही. खुर्चीत बसवताना आणि उठवताना दोन्ही ब्रेक लावा. तीव्र उतारावरून खुर्ची उलटी उतरवा, म्हणजे माणूस पुढं घसरणार नाही. अर्धांगवायूचा हात धरून कधीच ओढू नका, खांदा निखळतो. अर्ध्या तासानं बसण्याची कूस बदलायला सांगा. बॅटरीची स्कूटर मिळालीच, तर ज्यांना फिट येते, भोवळ येते किंवा नीट दिसत नाही त्यांच्या हाती ती देऊ नका.

कुणी म्हणेल, दहा बाय दहाच्या खोलीत खुर्ची ठेवायची कुठं? गल्लीतून ती निघायची कशी? प्रश्न खरा आहे. म्हणूनच आमचं म्हणणं आहे की प्रत्येक घरानं नको, प्रत्येक विहारानं एक घडीची व्हीलचेअर ठेवावी. गल्लीच्या तोंडापर्यंत दोघांनी आधार द्यावा, पुढं खुर्ची. तीच सहलीला, तीच दवाखान्याला, तीच १ जानेवारीला जयस्तंभाला. जयंतीच्या वर्गणीतला थोडा भाग यासाठी काढला तर खर्च जड नाही.

सरकारी वाटाही आहेत. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना साधनं घेण्यासाठी ३,००० रुपये एकदा खात्यात मिळतात. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर ससून किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्र काढा. बऱ्याच सवलतींचं दार त्याच कागदानं उघडतं.

आणि हे उपकार नाहीत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ नं सार्वजनिक जागा सर्वांना वापरता येतील अशा करणं बंधनकारक केलं आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं की याबाबतचे नियम नुसत्या शिफारशी राहून चालणार नाही, ते सक्तीचे हवेत. उद्यानात, बसमध्ये, बागेत उतार नसेल तर लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

पण दुसऱ्याकडं बोट दाखवण्याआधी आपल्या विहाराच्या दाराकडंही बघू. किती विहारांना चार-पाच पायऱ्या आहेत आणि बाजूला उतार नाही? वंदनेला आजी बाहेर चप्पलांपाशी बसत असेल, तर समता कुठं अडली ते शोधायला लांब जायला नको.

या सुट्टीत सहलीची यादी कराल तेव्हा पहिलं नाव आजीचं लिहा. ती नाही म्हणेल. तरी पुन्हा एकदा विचारा.

जयभीम!