कित्ता कोणाचा गिरवावा?

गेल्या ११ एप्रिलला आमच्या शाळेंत महात्मा जोतीराव फुले यांची जयंती झाली. तसबिरीला हार घातला, नारळ फोडला. जोतीरावांच्या तसबिरीपुढें नारळ! पण तेंहि असो. सहावीच्या एका मुलानें शेतकऱ्याच्या कष्टाचें मोल या विषयावर फर्डें भाषण केलें. टाळ्यांचा कडकडाट झाला. तें भाषण आम्हींच लिहून दिलें होतें, हें येथेंच सांगून टाकतों.

सभा संपते न संपते तोंच त्या मुलाचा बाप फाटकाशीं आला. गोठ्यांतून तसाच उठून आलेला. कपड्यांस शेणाचे डाग, काखेंत पोरानें घरीं विसरलेली वही. शेजारच्या गांवच्या एका मुलानें विचारलें, "हे कोण रे?" आमचा वक्ता म्हणाला, "आमचा सालगडी." बापानें तें ऐकलें. तो कांहींएक बोलला नाहीं. वही पायरीवर ठेवून परत गेला.

आम्हीं त्या मुलास मारलें नाहीं, रागेंहि भरलों नाहीं. हा धडा त्यास कोणीं दिला याचा विचार करूं लागलों, तों उत्तर आमच्याच दारीं येऊन बसलें. वर्गांत कोणाचें गणित चुकलें कीं आम्ही वर्षानुवर्षें एकच वाक्य बोलत आलों : "शिक रे, नाहीं तर बापासारखीं ढोरें वळशील." शेतकऱ्याच्या कष्टाचें भाषण वर्षांतून एकदां, हें वाक्य आठवड्यांतून चारदां. पोरानें कोणतें पाठ केलें, हें निराळें सांगावयास नको.

कित्ता हा आमच्या धंद्यांतला शब्द आहे. वरची ओळ मास्तरानें काढावी आणि तिच्याखालीं मुलानें तशीच काढावी. पण कित्ता उपयोगीं पडण्यास दोन गोष्टी लागतात, हें ट्रेनिंग कॉलेजांत आम्हांस शिकविलें होतें. एक, तो मुलाच्या नजरेच्या टप्प्यांत असावा. आणि दुसरी, अक्षर काढतांना मास्तराचा हात मुलास दिसावा. तयार अक्षर सुंदर दिसतें. पण रेघ कोठून सुरू करावी आणि कोठें वळवावी, हें चालता हात पाहिल्याविना कळत नाहीं. दहा हात उंच टांगलेल्या कित्त्यास नमस्कार करतां येईल, तो गिरवितां येणार नाहीं. थोरांचें आम्हीं आज असेंच केलें आहे.

त्या थोरांनीं स्वतः काय केलें तें पाहा. अहमदनगरास अमेरिकन मिशनच्या मिस फरारबाईंची मुलींची शाळा जोतीराव एका मित्रासह पाहून आले. मुली शिकूं शकतात हें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें. मग १८४८ सालीं पुण्यांत भिडे वाड्यांत त्यांनीं मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई अंगावर शेणचिखल झेलीत शिकवावयास जात. बाईमाणूस शिक्षक होऊं शकतें हें त्या मुलींस व्याख्यान देऊन पटवावें लागलें नाहीं. तें रोज दारावरून चालत जात होतें. १८५५ सालीं फुले दांपत्याच्या शाळेंत शिकलेल्या मुक्ता नांवाच्या मांग जातीच्या मुलीनें महारमांगांच्या दुःखाविषयीं लिहिलेला निबंध 'ज्ञानोदय' पत्रांत छापून आला. फरारबाई, जोतीराव, सावित्रीबाई, मुक्ता : एकाच्या हाताखालीं दुसऱ्याचा हात वळला.

दुसरी गोष्ट मुंबईची. १९०७ सालीं भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले. सत्काराच्या सभेंत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनीं आपण लिहिलेलें बुद्धचरित्र त्यांस दिलें. हे गुरुजी शाळामास्तर. पण नुसतें पुस्तक देऊन ते थांबले नाहींत. पुढें भीमरावांच्या शिक्षणास पैसा कमी पडूं लागला, तेव्हां सयाजीराव गायकवाडांकडे त्यांनींच शब्द टाकला. १९५६ सालीं बाबासाहेबांनीं नागपुरास बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मधल्या एकोणपन्नास वर्षांत त्यांच्या वाचनास पार राहिला नव्हता. तरी बुद्धाकडे नेणारी पहिली ओळ एका मास्तराच्या हातची होती.

आतां आम्हां मास्तरांचें पाहूं. १८८२ सालीं जोतीरावांनीं हंटर कमिशनपुढें निवेदन दिलें. प्राथमिक शाळेचा शिक्षक होतां होईल तों शेतकरी वर्गांतला असावा, त्यानें लोकांत मिसळावें, त्यांच्या गरजा जाणाव्या आणि वेळ पडल्यास नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातीं धरण्याची त्यास लाज वाटूं नये, असें त्यांचें मागणें होतें. अशा शिक्षकाचें वजन रयतेवर अधिक पडेल हें त्यांनीं ओळखलें होतें. शिक्षकास पगार बरा मिळावा, असेंहि त्यांनीं लिहिलें. तेवढें मागणें आम्हां सर्वांस तोंडपाठ आहे!

या मागण्याचा पहिला अर्धा भाग पुरा झाला. आम्ही शेतकऱ्याच्याच पोटचे. पण उरलेला अर्धा? आम्ही तालुक्याच्या गांवीं राहतों. सकाळीं मोटारसायकलीनें येतों, संध्याकाळीं जातों. औताच्या मुठीस हात लावून किती वर्षें झालीं, हें आठवावें लागतें. गांवकऱ्यांस मराठी शाळेचें महत्त्व पटवितों आणि आमचा मुलगा मात्र तालुक्याच्या इंग्रजी शाळेंत जातो. हें मुलांस दिसत नाहीं असें समजण्याइतके आम्ही भोळे नाहीं. शिकलेला माणूस म्हणजे शेणामातीपासून लांब गेलेला माणूस, हा कित्ता आम्हींच त्यांच्यापुढें काढून ठेवला आहे.

कोणी म्हणेल, "मास्तर, मग पोरांनीं शेतींतच कुजावें काय?" मुळींच नव्हे. शेतींत दाम उरत नाहीं हें आम्ही जाणतों. तो कांहीं बापाच्या हातांचा दोष नव्हे. मुलांनीं शिकावें, वर चढावें. पण वर चढणें निराळें आणि ज्याच्या खांद्यावरून चढलों त्यास सालगडी म्हणणें निराळें.

हीं दोन्हीं एकत्र नांदतात हें कर्मवीर भाऊराव पाटलांनीं दाखविलें. १९१९ सालीं काले येथें त्यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापिली, १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह काढलें. तेथें सर्व जातींचीं मुलें एका पंक्तीस जेवत, आपला स्वयंपाक आपण करीत, शेतांत राबत आणि शिकत. त्या मुलांच्या पोटासाठीं लक्ष्मीबाईंनीं अंगावरचे दागिने मोडले. शेवटीं मंगळसूत्रहि राहूं दिलें नाहीं. ज्या हातांनीं खोरें धरलें त्याच हातांनीं पुस्तक धरलेला मुलगा पुढें कितीहि मोठा झाला, तरी बापाच्या हातांची लाज त्यास कशी वाटावी?

मुलाचें मन कित्त्याविना रिकामें राहत नाहीं, हें आईबापांनींहि लक्षांत ठेवावें. आपण काढून दिला नाहीं तर चौकांतल्या वाढदिवसाच्या फलकावरचा 'दादा' तें गिरवितें. मग पोर बिघडलें म्हणून काळास बोल लावण्यांत काय अर्थ?

जूनमध्यें शाळा उघडली तेव्हां आम्ही त्या शेतकऱ्याच्या घरीं गेलों व चूक कबूल केली. "गुरुजी, पोर हाय, चालायचंच," असें तो म्हणाला आणि वैरण टाकावयास उठला. त्यास आम्हीं वर्गांत बोलाविलें. दोन दिवस आढेवेढे घेऊन तो आला. सोयाबीनचे शंभर दाणे त्यानें मोजून ओल्या गोणपाटांत गुंडाळले. आठवड्यानें पुन्हां येऊन मुलांकडून उगवलेले दाणे मोजविले. ऐंशी उगवले तर बियाणें किती, साठच उगवले तर किती वाढवावें, हा हिशेब त्यानें तोंडीं केला. शेकडेवारी शिकवितांना आमचा खडू झिजतो. ती त्या दिवशीं अर्ध्या तासांत समजली. त्याचा मुलगा मागें मान खालीं घालून बसला होता. शेवटीं उठला आणि बापाच्या हातांतलें गोणपाट घेऊन झटकून आणलें. एवढेंच झालें. याहून मोठें कांहीं झालें असें सांगून आम्ही वाचकांस फसवूं इच्छीत नाहीं. आमचा मुलगा अद्याप त्याच इंग्रजी शाळेंत आहे आणि घरांत त्यावरून वाद आहे. रविवारीं मात्र त्यास घेऊन आम्ही भावाच्या शेतावर जातों, आणि तें जुनें वाक्य जिभेवर आलें तर गिळतों.

आमच्या शिक्षक बंधुभगिनींस एवढीच विनंती आहे. येत्या ११ एप्रिलला तसबिरीस हार अवश्य घालावा; नारळ नको. पण त्याआधीं गांवांतलें एक माणूस वर्गांत बोलवावें : सुतार, विहीर खोदणारा, रात्रीं-अपरात्रीं बाळंतिणीस दवाखान्यांत पोंचविणारी आशाताई, एसटीची कंडक्टरबाई. त्यांचें काम त्यांच्याच हातानें मुलांस दाखवावें, आणि त्या वेळीं मास्तरानें मुलांत खालीं बसावें. भाषण मात्र मुलाचें मुलानेंच लिहावें.